सुईचा नंबर

जव्हार,
बुधवार, सकाळचे अकरा

प्रिय ताई,

हातात पत्र बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. हसायचं तेवढं हसून घे. फोन मी करून पाहिला, या आठवड्यात पाच वेळा. तू उचलतेस, जेवलीस का विचारतेस, दुकान कसं चाललंय विचारतेस, आणि मी ‘अण्णा’ एवढं म्हणायचा अवकाश, की तुझी रेंज जाते. खोडाळ्याची रेंज मलाही माहीत आहे, ती अशी नेमका शब्द बघून जात नाही. मेसेज दोन ओळींपेक्षा लांबला की तू वाचत नाहीस. आणि बोलून पाठवावं, तर माझं दुकान आणि अण्णांचं दुकान यांच्या मधे एक पडदा आहे, त्यातून शिंकसुद्धा पलीकडे जाते. म्हणून लिहायला बसले. जीपवाला ढवळू दुपारच्या फेरीला तुमच्याकडे येतो, त्याच्या हाती देते आहे. त्याच्या दंडावर मी वाघ गोंदणार आहे. पत्र तुझ्या आरोग्य उपकेंद्रावर तुझ्या हातात पडलं नाही तर त्या वाघाचं मांजर होईल, असं त्याला बजावलं आहे.

विषय अण्णांच्या पायाचा आहे. ते मी शेवटी लिहिणार, कारण ते लिहायला मला अजून थोडी हिंमत गोळा करायची आहे, आणि त्याआधी मला तुझ्याशी भांडायचंही आहे. तीन वर्षांत तू या घराची पायरी चढली नाहीस, तेव्हा भांडण साठलेलं आहे. मधलं गाळून शेवटावर उडी मारायची असेल तर मार, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण मग मागे येऊन सगळं वाच.

तुला वाटतं टॅटू म्हणजे एक मशीन आणि एक सुई. मलाही कोर्सला जाईपर्यंत तसंच वाटायचं. कल्याणच्या त्या पंधरा दिवसांत सर मशीनला सुई स्वतः लावून द्यायचे आणि आम्ही नुसत्या रेघा मारायचो. शिकवायचे हिंदीत आणि इतक्या घाईत, की माझ्या वहीत निम्मी वाक्यं ‘वगैरे’वर संपतात. सुयांच्या पानावर तर ‘नंबर बघून घेणे वगैरे’ एवढंच आहे. मग इथे येऊन अण्णांच्या शिवणाच्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग घेतला, पडदा लावला, बोर्ड लावला, आणि दिवाळीआधी सुयांचं पार्सल उघडून बसले तर तीन प्रकारची खोकी. प्रत्येकावर चार आकडे आणि दोन इंग्रजी अक्षरं. एकावर शेवटी तीन, एकावर सात, एकावर चौदा. यातली बारीक कुठली आणि जाड कुठली, हे मला सांगता येईना. बोर्डावर ‘टॅटू आर्टिस्ट’ लिहिलेलं आणि आत ही बाई खोक्यांकडे बघत बसलेली.

विचारायला माणसं दोनच. अण्णांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, यात काय अवघड आहे, अकरा नंबर मलमलला, चौदा पॉपलीनला, अठरा जीनला, नंबर लहान तेवढी सुई बारीक. चाळीस वर्षं मशीन चालवणारा माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार? तरी मी तुला फोन केला, कारण अण्णा कापडाला टोचतात आणि तू जिवंत माणसाला. तू म्हणालीस, उलटं आहे गं, सव्वीस नंबर तान्ह्या बाळाला, अठरा सलाइनला, नंबर मोठा तेवढी सुई बारीक. दोघांनाही इतकी खात्री, की जणू सुया बनवणाऱ्याने आधी तुम्हाला विचारून नंबर टाकले होते. मी तुझं ऐकलं आणि चौदाचं खोकं उघडलं.

आता ऐक, म्हणजे पुन्हा कुणाला सल्ला देताना थांबशील. पहिले दोन आकडे म्हणजे एकेका सुईची जाडी, आणि शेवटचे दोन म्हणजे एका जुडग्यात अशा किती सुया एकत्र जोडल्यात ते. तीन म्हणजे तीन सुया, चौदा म्हणजे चौदा. हे मला कल्याणच्या सरांनी फोनवर सांगितलं, पण ते माघी येऊन गेल्यावर. माघी साखरशेतची, आपल्या दुकानात मुलांचे गणवेश शिवायला यायची तीच. तिच्या आजीच्या हनुवटीवर गोंदलेला तीळ आहे, तसाच हिला हवा होता. मी हातमोजे घातले, नवीन सुई लावली, बोहाड्याच्या जत्रेत एकाच सुईने अख्खं गाव गोंदणाऱ्या त्या माणसासारखं माझ्याकडे नसतं, हेही तिला ऐकवलं. मग चौदा सुयांच्या जुडग्याने तिच्या हनुवटीवर ठिपका ठेवला. तिने आरसा घेतला, बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “तीळ सांगला व्हता बाय, ही तं मिरी झाली.” ती रडली नाही. ती गेल्यावर मी रडले.

अण्णा पडद्यातून आत आले, तेव्हा मी सुई काढून कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. त्यांना माघीच्या हनुवटीपेक्षा त्या सुईचं वाईट वाटलं. एकदा वापरून फेकायची? मी एक सुई महिनाभर चालवतो, म्हणाले. मी जोरात ओरडले तेव्हा कुठे डब्याजवळ गेलेला हात मागे घेतला. आणि मग मला हा धंदा करू नकोस म्हणतील असं वाटत होतं, तर ते बाकावर बसले आणि विचारलं, “सल्ला कुणाचा होता, त्या खोडाळ्यावालीचा?” तुझं नाव ते घेत नाहीत. तुला ‘खोडाळ्यावाली’ म्हणतात, ती बाजाराला येणारी कुणी भाजीवाली असल्यासारखं. मी हो म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी दिवाळीतही पाहिलं नव्हतं.

तुम्हा दोघांचा हा अबोला मला आता सहन होत नाही, हे एकदा लिहूनच टाकते. तुला वाटतं, तू मुकेशभाऊजींशी न विचारता लग्न केलंस, ते वेगळ्या समाजातले आहेत, म्हणून अण्णा रागावले. तसं नाही. लग्न त्यांनी गिळलं होतं. रजिस्ट्रारच्या ऑफिसात सह्या झाल्याचं कळलं तेव्हा दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, बोलाव दोघांना जेवायला. मग तू फोटो पाठवलास. अण्णांनी तो बोटांनी मोठा करून करून बघितला आणि विचारलं, ब्लाउज कुणी शिवला? तुझ्या लग्नाचा ब्लाउज तू मोखाड्याच्या शिंप्याकडून शिवून घेतलास, ताई. शिंप्याच्या मुलीने! आई गेल्यावर तुझा परकर, तुझा शाळेचा झगा, तुझा नर्सिंगचा पांढरा ड्रेस, प्रत्येक कपडा या माणसाने शिवला. एवढंच म्हणाले, “बाही चढली आहे.” त्यानंतर जेवायला बोलवायचा विषय निघाला नाही. तू म्हणशील, चोरून लग्न करणारीने बापाकडे ब्लाउजचं माप द्यायला जायचं होतं का? खरं आहे. पण हे तू येऊन त्यांना म्हणायला हवं होतंस. दोघंही नाकावर राग घेऊन बसलात आणि मधे मी, एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं नाही, हे किती दिवस करायचं?

असो. माघीनंतर माझा हातच उचलेना. कोर्समधून आणलेली सरावाची नकली कातडी संपली होती. भोपळ्यावर मारून बघितलं, केळ्याच्या सालीवर मारून बघितलं, पण भोपळा ताणला जात नाही आणि केळ्याला रक्त येत नाही. मग एके दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना अण्णा माझ्या खुर्चीत येऊन बसले, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि म्हणाले, “मी पहिला शर्ट कापला तो स्वतःच्या मापाचा. घे.” मी नाही म्हटलं, ताई. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. त्यांनी खिशातून कापडावरचा खडू काढून घोट्याच्या वर रेघा आखायला घेतल्या, तो मी हिसकावून घेतला आणि पाय साबणाने धुऊन, पुसून, माझं पेन दिलं. त्यांनी वाकून अगदी मन लावून आखलं. सरळ रेघ, तिरकी रेघ, गळ्याचा गोल, मग बाही जोडतात त्या मुंढ्याचा बाक. हा बाक जिला जमला तिला काहीही जमेल, म्हणाले. एखाद्या शिकाऊ पोराला कापायला शिकवावं तसं शिकवत होते. मला मशीन घेऊ नकोस म्हणणारा माणूस हाच, हे मला त्या वेळी खरं वाटेना.

पहिल्या दोन रेघा मी सातच्या सुईने मारल्या. ठीक आल्या. मग अण्णाच म्हणाले, माझी कातडी आता मलमल झाली आहे, पातळ कापडाला बारीक सुई लागते, तीनची घे. मला आठवलं, तूही फोनवर म्हणाली होतीस, सुई बारीक तेवढं दुखणं कमी. नंबरवरून भांडणाऱ्या तुम्हा दोघांचं आयुष्यात एकदाच एकमत झालं, आणि तेही चुकीच्या गोष्टीवर. बारीक म्हणजे हळुवार नाही, ताई. सात सुयांचा जुडगा कातडीवर टेकतो, त्याला आत जायला जोर लागतो. तीनची सुई ब्लेडसारखी कापत जाते, हात जरा जड पडला की कुठे पोचली ते कळत नाही. नवशिक्याने तिच्या नादी लागायचं नसतं. शाई आत पसरून रेघेच्या कडेला निळी सावली येते, तीच खूण. गळ्याचा गोल आणि मुंढ्याचा बाक मी तीनने मारला आणि दोन्हीला सावली आली. मी दर दोन बोटांवर थांबून विचारत होते, दुखतंय का? नाही. आता? नाही. मग मशीनचा जोर वाढवून विचारलं. तरी पेपर वाचत म्हणाले, “हात हलका आहे तुझा.” तुला खोटं कशाला सांगू, ते ऐकून मी हवेत होते. तीनची सुई आणि तो जोर, हे माप मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

त्याच मापाने गेल्या महिन्यात चंद्रकलाबाईंच्या मनगटावर त्यांच्या मुलीचं नाव काढायला घेतलं. झेडपीच्या शाळेत शिकवतात त्या. पहिल्या अक्षराच्या कान्यालाच त्यांनी हात ओढून घेतला आणि डोळ्यांत पाणी. मी मनात म्हटलं, किती नाजूक असावं माणसाने, माझ्या सत्तरीच्या बापाने चार आकार एका बैठकीत काढून घेतले. जोर कमी केला, सातची सुई लावली, नाव पूर्ण केलं. आणि घरी येऊन अण्णांना हसत सांगितलंसुद्धा. तेही हसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुला कदाचित वाचता वाचता कळलंही असेल, तू शिकलेली आहेस.

आता पाय. मुंढ्याचा बाक घोट्याजवळ जिथे संपतो, तिथे खपली धरली नाही. पहिला आठवडा मी म्हटलं, भरेल. दुसऱ्या आठवड्यात अण्णा पायमोजा घालून बसायला लागले, थंडी आहे म्हणाले. जव्हारची थंडी त्यांना सत्तर वर्षांत कधी बाधली नव्हती. परवा मी बळेच मोजा काढला. रुपयाएवढी जखम आहे, कडा पांढऱ्या, मधे ओल, आणि वास येतो. आजूबाजूला लालसर, गरम. त्यांच्या शुगरच्या गोळ्यांची पाकिटं काढून बघितली तर दोन महिन्यांपासून एक दिवसाआड घेत आहेत, आपल्याला बरं वाटतंय म्हणून. शुगर असलेल्या माणसाला डॉक्टरच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे कल्याणच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते वाक्य माझ्या वहीत ‘वगैरे’शिवाय पूर्ण लिहिलेलं आहे. आणि तुला सुईचा नंबर विचारायला मी दुसऱ्यांदा फोन केला, तेव्हा तू विचारलं होतंस, सराव कशावर करतेस. मी म्हटलं होतं, नकली कातडीवर.

म्हणजे तुझ्याशी भांडायचं म्हणून बसले आणि भांडण माझ्याशीच निघालं. अण्णांना मी दवाखान्यात चला म्हणून परवापासून पाया पडते आहे. ते म्हणतात, तिथे विचारतील हे कुणी केलं, मग तुझा बोर्ड उतरवायला लावतील. मी म्हटलं, उतरवू दे. तर काज करत राहिले. आज सकाळी ते चहा घेत पेपर वाचत होते, तेव्हा मी खाली बसले, नवीन सुई फोडली आणि हळूच त्यांच्या करंगळीला लावली. मग अंगठ्याला. मग तळव्याला, जरा जोरात. रक्ताचा थेंब आला. ताई, त्यांनी पान उलटलं. माझा हात हलका नव्हता. त्यांना काही कळतच नव्हतं, घोट्यापर्यंत, कदाचित त्याच्याही वर, आणि ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी स्वतः सुई घेऊन टोचून बघितलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मी म्हटलं, आता तरी दवाखान्यात चला. त्यांनी सुई पेपरावर ठेवली. मग म्हणाले, “आपल्या घरात नर्स असताना मी परक्याला पाय कशाला दाखवू?” आपल्या घरात म्हणाले, ताई. ढवळूची जीप तुझ्याकडून चारला परत निघते. तू आलीस तर ते तुझं ऐकून दवाखान्यात येतील, माझं ऐकणार नाहीत. मला जे बोलायचं ते सगळं बोल, पण आधी त्यांचा पाय बघ. आजच ये.

तुझी वाट बघत पडद्याअलीकडे बसलेली,
तुझीच,
सोनल